पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगाचा अस्थिप्रसार

पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगाचा अस्थिप्रसार म्हणजे पुरुषांच्या पुरःस्थ अर्थात प्रोस्टेट ग्रंथीत उद्भवलेल्या कर्करोगाच्या पेशी रक्तावाटे हाडांत पोहोचून तेथे नव्या गाठी निर्माण करण्याची प्रक्रिया होय. हा कर्करोग प्रगत अवस्थेत गेल्यावर सर्वाधिक वेळा हाडांमध्ये पसरतो. कमरेचे मणके, ओटीपोटाची हाडे, बरगड्या आणि मांडीच्या हाडाचा वरचा भाग ही त्याची नेहमीची स्थाने आहेत. मूळ ग्रंथीपुरता मर्यादित असलेला रोग बहुधा बरा होऊ शकतो; हाडांत पसरलेला रोग दीर्घकाळ आटोक्यात ठेवता येतो, परंतु तो समूळ नाहीसा करणारा उपचार अद्याप उपलब्ध नाही. त्यामुळे हा प्रसार का व कसा होतो, हा प्रयोगशालेय संशोधनाचा एक प्रमुख विषय ठरला आहे.

या संशोधनाचा एक महत्त्वाचा धागा मुंबईतील परळ येथून निघतो. प्रजननविषयक संशोधनासाठी स्थापन झालेल्या तेथील प्रयोगशाळेत अभ्यासल्या गेलेल्या एका पेप्टाइडावर पुढे अमेरिका व कॅनडा येथे कर्करोगाच्या, विशेषतः अस्थिप्रसाराच्या, संदर्भात प्रयोग झाले.

ग्रंथी आणि रोगाची वाटचाल

पुरःस्थ ग्रंथी मूत्राशयाच्या खाली, मूत्रनलिकेभोवती असते. 'पुरः' म्हणजे पुढे आणि 'स्थ' म्हणजे असलेली. 'प्रोस्टेट' या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही 'पुढे उभा असलेला' असाच आहे. जुन्या मराठी ग्रंथांत हिला 'अष्ठीला ग्रंथी' असेही म्हटलेले आढळते. वीर्यातील द्रवाचा काही भाग ही ग्रंथी तयार करते. तिच्या स्रावात तीन प्रथिने विपुल असतात: आम्ल फॉस्फेटेझ, पीएसए आणि पीएसपी-९४. या तिन्ही प्रथिनांना कर्करोगाच्या अभ्यासात स्थान मिळाले.

ग्रंथीची वाढ टेस्टोस्टेरॉनसारख्या पुरुष-संप्रेरकांवर अवलंबून असते. शिकागो येथील चार्ल्स हगिन्स व क्लॅरेन्स हॉजेस यांनी १९४१ मध्ये दाखवून दिले की, वृषणे काढून टाकल्यास पसरलेला कर्करोगही ओसरतो व रक्तातील आम्ल फॉस्फेटेझचे प्रमाण घटते. या कार्यासाठी हगिन्स यांना १९६६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. संप्रेरकांचा पुरवठा औषधाने वा शस्त्रक्रियेने तोडणे हा आजही प्रगत रोगावरील उपचारांचा पाया आहे. एकदाच करावी लागणारी व अल्प खर्चाची असल्यामुळे वृषणे काढण्याची शस्त्रक्रिया भारतात अद्याप प्रचलित आहे.

मात्र या उपचाराचा प्रभाव बहुतेक रुग्णांत कालांतराने ओसरतो. कर्कपेशी संप्रेरकग्राहींची संख्या वाढवतात, ग्राहीचे रूप बदलतात किंवा स्वतःच संप्रेरक तयार करू लागतात. या अवस्थेला संप्रेरकरोधास न जुमानणारा कर्करोग असे म्हणता येईल. अस्थिप्रसार याआधीही झालेला असू शकतो. परंतु या अवस्थेतील बहुसंख्य रुग्णांत तो आढळतोच.

अस्थिप्रसाराची मुख्य लक्षणे म्हणजे सतत टिकणारी व रात्री वाढणारी हाडांची वेदना, किरकोळ आघाताने हाड मोडणे आणि रक्ताल्पता. मणक्यातील गाठीचा दाब मज्जारज्जूवर आल्यास पायांतील शक्ती जाते व मलमूत्रावरील ताबा सुटतो. ही तातडीची अवस्था असून काही तासांत उपचार न मिळाल्यास पक्षाघात कायमचा होऊ शकतो. उतारवयातील पाठदुखी वयोमानाची समजून अंगावर काढली जाते, त्यामुळे काही रुग्णांत मूळ रोगाचे निदान हाडांतील गाठींमुळेच प्रथम होते.

प्रसार हाडांकडेच का होतो?

या प्रश्नाची दोन उत्तरे दीर्घकाळ शेजारी शेजारी नांदत आली आहेत. पहिले उत्तर इंग्लंडमधील शल्यविशारद स्टीफन पॅजेट यांनी १८८९ मध्ये दिले. स्तनाच्या कर्करोगाने मृत्यू पावलेल्या ७३५ स्त्रियांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी तपासून त्यांनी असे मत मांडले की, कर्कपेशी बियाण्यासारख्या सर्वत्र विखुरल्या जातात, पण योग्य माती मिळाली तरच रुजतात. दुसरे उत्तर शरीररचनेचे आहे. ऑस्कर बॅटसन यांनी १९४० मध्ये ओटीपोट व पाठीचा कणा यांना जोडणाऱ्या, झडपा नसलेल्या शिरांच्या जाळ्याचे वर्णन केले. खोकताना किंवा कुंथताना पोटातील दाब वाढला की या शिरांतील रक्त उलट दिशेने वाहू शकते व ग्रंथीतील पेशी थेट मणक्यांत पोहोचू शकतात. पेशी मणक्यापर्यंत कशा येतात हे बॅटसन यांच्या शोधाने समजते. आल्यावर तेथेच का वाढतात हे समजण्यासाठी मात्र पॅजेट यांच्या 'माती'कडे वळावे लागते.

ही माती म्हणजे अस्थिमज्जा व तिच्या सभोवतीचे जिवंत हाड. हाड बाहेरून दगडासारखे भासले तरी त्याची मोडतोड व बांधणी आयुष्यभर चालू असते. अस्थिभक्षक पेशी जुने हाड विरघळवतात, तर अस्थिजनक पेशी नवे हाड रचतात. अस्थिमज्जेत रक्ताच्या मूळपेशींसाठी खास आश्रयस्थाने असतात. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाशी संबंधित संशोधकांनी, ज्यांत केनेथ पिएंटा यांचा समावेश होता, २०११ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले की, पुरःस्थ कर्करोगाच्या पेशी याच आश्रयस्थानांसाठी मूळपेशींशी स्पर्धा करतात व त्यांना हुसकावून तेथे ठाण मांडतात. अशा पेशी वर्षानुवर्षे सुप्त राहू शकतात.

पुढील घडामोडींना संशोधक दुष्टचक्र म्हणतात. कर्कपेशी पॅराथायरॉइड संप्रेरकसदृश प्रथिन स्रवतात. त्याच्या प्रभावाने अस्थिजनक पेशी रँक-लिगंड नावाचे प्रथिन अधिक प्रमाणात मांडतात आणि त्यामुळे अस्थिभक्षक पेशी परिपक्व होऊन हाड विरघळवू लागतात. हाडात साठवलेले टीजीएफ-बीटा यांसारखे वृद्धिघटक त्यातून मोकळे होतात व ते कर्कपेशींना अधिक चेतवतात. पुरःस्थ कर्करोगाचे वैशिष्ट्य असे की, त्याच्या पेशी एन्डोथेलिन-१ सारखी द्रव्ये स्रवून अस्थिजनक पेशींनाही डिवचतात. परिणामी क्ष-किरण चित्रात गाठीच्या जागी पोकळी न दिसता दाट पांढरा ठिपका दिसतो. हे नवे हाड दाट असले तरी त्याची वीण विस्कळीत असते. म्हणून ते ठिसूळ असते व सहज मोडते.

प्रयोगशाळेतील साधने

मानवी पुरःस्थ कर्करोगाच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवणे अवघड असते. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात तीन पेशीवंश उपलब्ध झाले व आजचे बरेचसे ज्ञान त्यांच्यावर आधारलेले आहे. डीयू-१४५ हा वंश मेंदूतील गाठीतून, एलएनकॅप लसिका ग्रंथीतील गाठीतून आणि पीसी-३ हा कमरेच्या मणक्यातील गाठीतून मिळवण्यात आला. एलएनकॅप पेशी संप्रेरकांना प्रतिसाद देतात व पीएसए स्रवतात. पीसी-३ व डीयू-१४५ पेशी या दोन्ही बाबतींत उदासीन असतात. त्यामुळे एकाच वंशावरील निष्कर्ष सर्व रुग्णांना लागू करता येत नाही.

प्राण्यांमध्ये ही अडचण अधिक जाणवते, कारण उंदरांत हा कर्करोग नैसर्गिकरीत्या क्वचितच होतो. कोपनहेगन जातीच्या उंदरात आपोआप उद्भवलेल्या एका गाठीपासून डब्ल्यू. एफ. डनिंग यांनी विकसित केलेला गाठींचा वंश म्हणून मोलाचा ठरला. त्यातील मॅट-लायलू हा अतिशय आक्रमक उपप्रकार पुढील प्रयोगांत वापरला गेला. हाडांतील प्रसार अभ्यासण्यासाठी अशा पेशी थेट हृदयाच्या डाव्या कप्प्यात टोचल्या जातात. त्या रक्ताबरोबर मणक्यांत पोहोचतात व काही दिवसांतच प्राण्याच्या मागच्या पायांची शक्ती जाते.

परळमधील संस्था

सर दोराबजी टाटा न्यासाने उभारलेले टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळ येथे सुरू झाले. हगिन्स यांचे संशोधन प्रसिद्ध झाले तेही हेच वर्ष. रुग्णालयाच्या प्रयोगशाळांची धुरा विकृतिशास्त्रज्ञ वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे होती. त्यांच्याच पुढाकाराने १९५२ मध्ये भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन झाले. हे केंद्र पुढे कर्करोग संशोधन संस्था या नावाने ओळखले जाऊ लागले व १९६६ मध्ये रुग्णालयासह टाटा स्मारक केंद्रात विलीन झाले. २००२ मध्ये संशोधनाचा हा भाग नवी मुंबईतील खारघर येथे हलवण्यात आला. कर्करोगाच्या रुग्णांची लोकसंख्येवर आधारित नोंद ठेवण्याचे भारतातील पहिले काम इंडियन कॅन्सर सोसायटीने १९६३ मध्ये मुंबईतच हाती घेतले.

याच परिसरात जहांगीर मेरवानजी मार्गावर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची प्रजनन संशोधन संस्था आहे. १९५४ मध्ये सुरू झालेल्या गर्भनिरोधक चाचणी विभागातून ती विकसित झाली व १९७० मध्ये तिला संस्थेचे रूप मिळाले. आज ती राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्था या नावाने ओळखली जाते. कुटुंबनियोजनाच्या गरजेतून उभ्या राहिलेल्या या संस्थेत कर्करोगाशी संबंधित पेप्टाइडाचा अभ्यास व्हावा, हे वरवर पाहता अनपेक्षित वाटते. परंतु पुरःस्थ ग्रंथी ही प्रजननसंस्थेचाच भाग असल्याने ते स्वाभाविक होते.

इन्हिबिन ते पीएसपी-९४

मेंदूच्या तळाशी असलेली पोषग्रंथी एफएसएच हे संप्रेरक स्रवते. पुरुषांत ते शुक्राणुनिर्मितीस आवश्यक असते. एफएसएचचा स्राव रोखणाऱ्या पदार्थाला 'इन्हिबिन' असे नाव दिले गेले होते व गर्भनिरोधनाच्या दृष्टीने त्याचा शोध अनेक देशांत चालू होता. परळच्या संस्थेत अनिल शेठ व त्यांचे सहकारी मानवी वीर्यद्रवात हा पदार्थ शोधत होते. १९८४ मध्ये त्यांनी स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतील हान्स यॉर्नव्हाल यांच्या सहकार्याने इन्हिबिनसारखी क्रिया दाखवणाऱ्या एका पेप्टाइडाची वैशिष्ट्ये प्रसिद्ध केली. त्याच वर्षी माँट्रियल येथील संशोधकांनीही वीर्यद्रवातील अशा पेप्टाइडांची रचना मांडली. संपूर्ण साखळी ९४ अमिनो आम्लांची असल्याचे त्यातून स्पष्ट झाले.

पुढच्याच वर्षी बीजांडकोशातील द्रवातून मिळालेल्या इन्हिबिनची रचना उलगडली. तो दोन वेगळ्या साखळ्यांचा बनलेला, आकाराने बराच मोठा रेणू होता व वीर्यद्रवातील पेप्टाइडाशी त्याचे साम्य नव्हते. 'इन्हिबिन' हे नाव त्या मोठ्या रेणूकडेच राहिले. वीर्यद्रवातील पेप्टाइड मुख्यतः पुरःस्थ ग्रंथीतून येते हे निश्चित झाल्यावर त्याला पुरःस्थ इन्हिबिन पेप्टाइड, बीटा-मायक्रोसेमिनोप्रोटीन आणि पीएसपी-९४ अशी निरनिराळी नावे पडली. आज पीएसपी-९४ हे नाव रूढ असून त्याच्या जनुकाला एमएसएमबी म्हणतात.

नाव गेले तरी पदार्थाचे महत्त्व उरले. शेठ यांच्या गटाने या पेप्टाइडाचा पुरःस्थ ग्रंथीशी असलेला संबंध तपासणे चालू ठेवले. सीमा गर्दे, शेठ व सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये दाखवले की, एफएसएच केवळ पोषग्रंथीत तयार होते असे नसून पुरःस्थ ग्रंथीतही त्याची निर्मिती होते. ग्रंथीतच तयार होणारे एफएसएच तेथील पेशींची वाढ चेतवत असेल, तर त्याला रोखणारे पेप्टाइड कर्करोगाचीही वाढ रोखू शकेल, असा तर्क यातून पुढे आला.

उंदरांवरील प्रयोग

हा तर्क १९९३ मध्ये तपासला गेला. गर्दे व शेठ यांनी अमेरिकेतील आर्थर पोर्टर व केनेथ पिएंटा यांच्याबरोबर केलेल्या अभ्यासात पुरःस्थ इन्हिबिन पेप्टाइडाचा कर्कपेशींवरील परिणाम काचपात्रात तसेच जिवंत उंदरांत पाहण्यात आला. दोन्हींत पेशींची वाढ मंदावल्याचे आढळले.

पुढचा टप्पा माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातील शफात रब्बानी यांच्या प्रयोगशाळेत पार पडला. कॅनडातील प्रोसायन या कंपनीचे संशोधकही त्यात सहभागी होते व त्यांत गर्दे यांचा समावेश होता. या गटाने मॅट-लायलू पेशींत पॅराथायरॉइड संप्रेरकसदृश प्रथिन अधिक प्रमाणात तयार होईल असा बदल केला, म्हणजेच वर वर्णिलेले दुष्टचक्र मुद्दाम तीव्र केले. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत पीएसपी-९४ दिलेल्या उंदरांतील गाठी लहान राहिल्या, रक्तातील वाढलेले कॅल्शियम घटले व मागच्या पायांचा पक्षाघात लांबला. पेप्टाइडाच्या ३१ ते ४५ या क्रमांकांच्या १५ अमिनो आम्लांचा तुकडाही हे कार्य करू शकतो असे आढळल्याने तो कृत्रिमरीत्या तयार करून त्याला पीसीके-३१४५ असे सांकेतिक नाव देण्यात आले. २००४ मध्ये याच गटाने या तुकड्यामुळे उंदरांतील प्रायोगिक अस्थिप्रसार कमी होत असल्याचे नोंदवले.

पीसीके-३१४५ च्या मानवांवरील प्राथमिक चाचण्या प्रगत कर्करोगाच्या मोजक्या रुग्णांवर झाल्या. औषध सुसह्य असल्याचे आणि पेशींना ऊतींत घुसण्यास मदत करणाऱ्या एमएमपी-९ या विकराचे वाढलेले प्रमाण काही रुग्णांत घटल्याचे त्यांत दिसले. मात्र मोठ्या चाचण्यांपर्यंत हा प्रवास पोहोचला नाही व ते मान्यताप्राप्त औषध होऊ शकले नाही.

नंतरचे संशोधन

पीएसपी-९४ मधील रस औषधाच्या अपयशाने संपला नाही. २००८ मध्ये दोन स्वतंत्र आंतरराष्ट्रीय अभ्यासांत एमएसएमबी जनुकाजवळील एका आनुवंशिक फरकाचा पुरःस्थ कर्करोगाच्या जोखमीशी संबंध आढळला. जोखमीचा प्रकार असलेल्या व्यक्तींत हे प्रथिन कमी तयार होते. प्रगत गाठींतही त्याचे प्रमाण घटलेले असते. म्हणजे निरोगी ग्रंथीत हे प्रथिन वाढीला लगाम घालत असावे, या कल्पनेला वेगळ्या मार्गाने बळ मिळाले.

परळच्या संस्थेत स्मिता महाले व त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रथिनाचा अभ्यास पुढे नेला. तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रातील संशोधकांबरोबर त्यांनी २०१० मध्ये मानवी पीएसपी-९४ ची स्फटिकरचना प्रसिद्ध केली. दोन रेणू कडेला कड लावून जोडी कशी बनवतात हे त्यातून दिसले. पीएसपी-९४ ज्याला घट्ट चिकटते त्या क्रिस्प-३ या प्रथिनाचा कर्कपेशींच्या घुसखोरीशी असलेला संबंधही या संस्थेत अभ्यासला गेला आहे.

हाडांना लक्ष्य करणारे उपचार

दुष्टचक्राच्या ज्ञानातून जी औषधे प्रत्यक्ष रुग्णांपर्यंत पोहोचली त्यांत झोलेड्रोनिक आम्ल व डेनोसुमॅब ही प्रमुख होत. पहिले अस्थिभक्षक पेशींना निष्क्रिय करते, तर दुसरे रँक-लिगंडला बांधून ठेवते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक चाचणीत हाडांशी संबंधित पहिली गुंतागुंत उद्भवण्यास झोलेड्रोनिक आम्लाच्या गटात १७.१ महिने व डेनोसुमॅबच्या गटात २०.७ महिने लागले. आयुर्मानात मात्र दोन्ही गटांत फरक पडला नाही. डोसेटॅक्सेल, ॲबिरॅटेरोन व एन्झालुटामाइड ही औषधे मूळ कर्कपेशींवर परिणाम करून आयुष्य वाढवतात. यांपैकी ॲबिरॅटेरोन भारतीय कंपन्याही बनवतात.

किरणोत्सारी औषधे हा तिसरा मार्ग आहे. रेडियम-२२३ हे शरीरात कॅल्शियमसारखे वागते. त्यामुळे ते नव्याने तयार होणाऱ्या हाडात जाऊन बसते व अतिशय अल्प अंतरापर्यंत जाणारे अल्फा कण सोडते. २०१३ मधील चाचणीत त्याने रुग्णांचे मध्यक आयुर्मान ११.३ वरून १४.९ महिन्यांवर नेले.

या क्षेत्रातही परळचा वाटा आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राने १९६३ मध्ये परळ येथे विकिरण वैद्यक केंद्र स्थापन केले. टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या परिसरात असलेल्या या केंद्रात २००२ मध्ये भारतातील पहिले पेट स्कॅन यंत्र कार्यान्वित झाले. हाडांची वेदना कमी करण्यासाठी लागणारी समेरियम-१५३ व ल्युटेशियम-१७७ यांची संयुगे तुर्भे येथे विकसित करण्यात आली असून त्यांसाठीची समस्थानिके तेथील अणुभट्टीत तयार होतात. ल्युटेशियम-१७७ चे अर्धायुष्य साधारण ६.७ दिवसांचे असल्याने ते दूरच्या रुग्णालयांपर्यंतही पाठवता येते. पुरःस्थ कर्कपेशींच्या पृष्ठभागावरील पीएसएमए प्रथिनाला चिकटणाऱ्या रेणूला हेच समस्थानिक जोडले असता हाडांबरोबर इतर अवयवांतील गाठींवरही मारा करता येतो.

मर्यादा आणि महत्त्व

उंदरांवरील प्रयोगांत पेशी हृदयात टोचल्यावर काही दिवसांत गाठी दिसतात. मनुष्यात हाच प्रवास अनेक वर्षे चालतो व त्यात सुप्तावस्थेचा मोठा काळ असतो. मॅट-लायलूसारख्या गाठींचा स्वभाव मानवी रोगातील हाड बांधणाऱ्या गाठींपेक्षा वेगळा आहे. त्यामुळे प्राण्यांत यशस्वी ठरलेली अनेक द्रव्ये रुग्णांत निष्प्रभ ठरतात. एन्डोथेलिनचा ग्राही रोखणारी औषधे हे त्याचे ठळक उदाहरण आहे. सैद्धांतिक आधार भक्कम असूनही मोठ्या चाचण्यांत त्यांनी आयुर्मान वाढवले नाही.

पीएसपी-९४ ची वाटचाल या क्षेत्रातील ज्ञान कसे वाढते याचे बोलके उदाहरण मानता येते. गर्भनिरोधनासाठी शोधलेला पदार्थ अपेक्षित संप्रेरक निघाला नाही, कर्करोगावरील औषधही ठरला नाही. तरी त्याच्या पाठपुराव्यातून पुरःस्थ ग्रंथी स्वतःच्या वाढीचे नियमन कसे करते याविषयीचे प्रश्न अधिक नेमके झाले. सुप्त पेशी हाडात कशामुळे जाग्या होतात, हा त्यांतील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न अद्याप अनुत्तरित आहे. त्याचे उत्तर मिळाल्यास वेदना सुरू होण्यापूर्वीच अस्थिप्रसार थोपवणे शक्य होईल.

हे सुद्धा पहा

टाटा मेमोरियल रुग्णालय
वसंत रामजी खानोलकर
भाभा अणुसंशोधन केंद्र
कर्करोग
अस्थिमज्जा